कुंपणाला पैसे नाहीत: अमेरिकी संसदेभोवतीचं कायमचं कुंपण अडवणारी विधेयकं कशासाठी होती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘६ जानेवारी २०२१ ला जमाव अमेरिकेच्या संसदभवनात घुसला. त्यानंतर तिथल्याच लोकप्रतिनिधींनी “कायमच्या कुंपणासाठी सरकारी पैसा वापरायचा नाही” अशी विधेयकं का मांडली? पैसा अडवून सुरक्षा कशी वाढते? आणि आपल्याकडे विधिमंडळाला असं काही करता येतं का?’

मी वॉशिंग्टन परिसरात राहतो. सरकारी इमारतींच्या आवारात गाडी अडवणारे खांब, भिंती, फाटकं आणि त्यांचे पाये बांधणं हे माझं रोजचं काम आहे. कुंपणं वाढली तर माझ्या व्यवसायाला कामच मिळतं. तरीही ती विधेयकं योग्य होती, असं माझं ठाम मत आहे. का, ते जरा बैजवार सांगतो.

आधी घटनाक्रम, कारण त्यात बरीच सरमिसळ होते. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कॅपिटॉलभोवती (कॅपिटॉल म्हणजे तिथलं संसदभवन) सात-आठ फूट उंचीचं, चढता न येणारं जाळीचं कुंपण उभं राहू लागलं. पुढे त्याच्या माथ्यावर धारदार तारेची वेटोळी आली आणि मागे नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे जवान. २० जानेवारीच्या शपथविधीपर्यंत याला फारसा विरोध नव्हता, आणि विरोध करण्यासारखं काही नव्हतंही. वाद पेटला २८ जानेवारीला. कॅपिटॉल पोलिसांच्या तेव्हाच्या हंगामी प्रमुख योगानंदा पिटमन यांनी कायमच्या कुंपणाची शिफारस जाहीर केली. वॉशिंग्टनच्या महापौर म्युरिएल बाउझर यांनी लगेच विरोध नोंदवला.

फेब्रुवारीत एलेनॉर होम्स नॉर्टन यांनी प्रतिनिधिगृहात विधेयक आणलं. नॉर्टन या वॉशिंग्टन शहराच्या प्रतिनिधी. शहराला राज्याचा दर्जा नसल्यामुळे त्यांना विधेयक मांडता येतं, पण अंतिम मतदानात मत देता येत नाही. मार्चमध्ये सिनेटमध्ये मेरिलँडचे डेमोक्रॅट ख्रिस व्हॅन हॉलेन आणि मिझुरीचे रिपब्लिकन रॉय ब्लंट यांनी मिळून तसंच विधेयक मांडलं. त्या महिन्यांत हे दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते, हे लक्षात घेतलं तर या जोडीचं महत्त्व कळेल. मजकूर अगदी छोटा होता: कॅपिटॉलच्या आवारात कायमचं कुंपण उभारण्यासाठी संघराज्याचा निधी वापरता येणार नाही. स्वतंत्र कायदा म्हणून ही विधेयकं मंजूर झाली नाहीत. पण त्यांनी वाऱ्याची दिशा दाखवली. बाहेरचं कुंपण मार्चच्या अखेरीस निघालं, रस्ते खुले झाले. आतलं जुलैमध्ये निघालं. कायमचं कुंपण झालंच नाही.

आता मुख्य मुद्दा. बंदीच घालायची होती तर ‘कुंपण घालू नये’ असं सरळ का नाही लिहिलं? पैशाचा आडमार्ग कशाला?

कारण तो आडमार्ग नाही, तिथला तोच हमरस्ता आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातच म्हटलंय की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. मंजुरीच्या कायद्यात ‘या निधीतला कोणताही पैसा अमुक कामासाठी वापरू नये’ असं एक वाक्य घातलं, की ते काम थांबतं. शिवाय मंजुरीबाहेर खर्च करणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक कारवाई होऊ शकेल असा वेगळा जुना कायदा तिथे आहे. त्यामुळे अशा वाक्याचा धाक खरा असतो. कंत्राटाच्या बाजूने मी तो पाहिलेला आहे. निधीच्या अटीत काम बसतं की नाही अशी नुसती शंका आली, तरी फाइल वकिलांकडे जाते आणि आम्ही नकाशे गुंडाळून वाट बघतो.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. कॅपिटॉलच्या सुरक्षेचे निर्णय एक छोटं मंडळ घेतं. दोन्ही सभागृहांचे सार्जंट अॅट आर्म्स (सभागृहाची सुरक्षा आणि शिस्त पाहणारे अधिकारी), इमारती आणि आवार सांभाळणाऱ्या ‘आर्किटेक्ट ऑफ द कॅपिटॉल’ कार्यालयाचे प्रमुख, आणि मताशिवाय बसणारे पोलीसप्रमुख. त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. कुठल्या कोपऱ्यात काय उभारायचं हे ते ठरवतात, आणि सुरक्षेचं कारण पुढे आलं की सर्वसाधारण सदस्यालाही फारसं विचारता येत नाही. अशा ठिकाणी लोकप्रतिनिधीच्या हातात उरतो तो पैशाचा दोर. धोक्याची गुप्त माहिती माझ्याकडे नाही, पण या एका गोष्टीसाठी मी पैसे देणार नाही, दुसरा उपाय घेऊन या, एवढं तो म्हणू शकतो.

या दोराला मर्यादाही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘या कायद्यातल्या निधीतून नको’ असं लिहिलं तर दुसऱ्या निधीची वाट मोकळी राहते. सर्वांत मोठं उदाहरण मेक्सिको सीमेवरच्या भिंतीचं. २०१९ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, टेक्सासमधल्या रिओ ग्रांद खोऱ्यासाठी १३७.५ कोटी डॉलर दिले आणि सांता आना अभयारण्य, ला लोमिता हे जुनं प्रार्थनामंदिर, फुलपाखरू केंद्र अशी काही ठिकाणं नावं घेऊन वगळली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली आणि लष्करी बांधकामाचा पैसा सीमेकडे वळवण्याचा रस्ता धरला. नावं घेऊन वगळलेल्या जागांना संरक्षण मिळालं, पण एकूण रकमेची मर्यादा पाळली गेली नाही. म्हणून नॉर्टन आणि व्हॅन हॉलेन यांच्या मसुद्यातली ‘संघराज्याचा कोणताही निधी’ ही व्यापक मनाई मला एका वर्षाच्या अंदाजपत्रकी अटीपेक्षा भक्कम वाटते. वार्षिक अट ३० सप्टेंबरला तिथलं आर्थिक वर्ष संपलं की गळून पडते. पुढच्या वर्षी ती पुन्हा घालावी लागते आणि ती घालायचं कुणाच्या तरी लक्षात राहावं लागतं.

तुमचा खरा प्रश्न मात्र सुरक्षेचा आहे. कुंपण असतं तर ६ जानेवारी टळला असता का?

त्या दुपारी एकच्या थोडं आधी, कॅपिटॉलजवळच्या पीस सर्कल या चौकाच्या बाजूला, जमावाने पहिली फळी मोडली. ती फळी म्हणजे मिरवणुकीच्या वेळी रस्त्यावर लावतात तसले हलके लोखंडी कठडे, आणि मागे मोजके पोलीस. तिथे आठ फुटी जाळी असती तर वेळ मिळाला असता, हे मी मान्य करतो. पण मिळालेल्या वेळेत कुणी यायला हवं होतं. पोलीसप्रमुखांना नॅशनल गार्ड बोलवायची तर त्या मंडळाची परवानगी लागत होती, आणि पुढे लष्करी मुख्यालयाची. गार्डचे जवान कॅपिटॉलवर पोचले संध्याकाळी पाचनंतर. जमाव तोवर आत जाऊन बाहेर काढलाही गेला होता. आमच्या व्यवसायात पहिल्या दिवशी शिकवतात की कुठलाही अडथळा फक्त वेळ विकत घेतो. मदत चार तासांनी येणार असेल तर जगातलं कुठलंही कुंपण तेवढा वेळ देत नाही.

खरी दुरुस्ती निर्णयाच्या साखळीत हवी होती, आणि ती पुढे झाली. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला की आणीबाणीत पोलीसप्रमुख मंडळाची वाट न बघता थेट गार्डची मदत मागू शकतील. या दुरुस्तीला विटा-सिमेंट काही लागलं नाही. कुंपण उभं राहिलं असतं तर ‘आपण काहीतरी केलं’ या समाधानात ही दुरुस्ती मागे पडली असती, अशी मला दाट शंका आहे. असं घडताना मी अनेक आवारांत पाहिलंय. डोळ्यांना दिसणारी वस्तू उभी राहते, तिच्यासमोर छायाचित्रं निघतात, आणि रेडिओवर कुणी कुणाला कळवायचं हा कागद तसाच अर्धवट राहतो.

पैशाचंही तसंच. ३० जुलै २०२१ ला सही झालेल्या तातडीच्या सुरक्षा निधीच्या कायद्यात एकूण २१० कोटी डॉलर होते (त्यात अफगाणिस्तानातून आणायच्या लोकांसाठीचाही पैसा होता). त्यातले ३० कोटी कॅपिटॉलच्या खिडक्या, दारं आणि कॅमेऱ्यांसाठी, ५२.१ कोटी नॅशनल गार्डला आधीच झालेला खर्च भरून देण्यासाठी, आणि सुमारे ७ कोटी पोलिसांसाठी. सिनेटमध्ये हा कायदा ९८ विरुद्ध शून्य मतांनी झाला. मे महिन्यातला प्रतिनिधिगृहाचा आधीचा मसुदा २१३ विरुद्ध २१२ असा एका मताने कसाबसा निघाला होता, हे आठवलं म्हणजे तडजोड किती झाली ते कळतं. दारं-खिडक्यांवर पैसे घालणं मला एकदम पटतं. जमाव आत शिरला तो खिडकीच्या काचा फोडून. मजबूत काच आणि चौकट हा पहिला खर्च. बाहेरची जाळी नंतर.

आता थोडं बांधकामाविषयी, कारण ‘कायमचं’ आणि ‘तात्पुरतं’ यांतला फरक जमिनीखाली असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

२०२१ ची जाळी जमिनीत रोवलेली नव्हती. प्रत्येक तुकड्याला मागे लोखंडी पाय असतात, तो स्वतःच्या वजनावर उभा राहतो आणि शेजारच्या तुकड्याला बोल्टने जोडला जातो. पथकाला सवय असेल तर एका रात्रीत लांबच लांब रांग उभी राहते. हेच कायमचं करायचं तर खांबाला पाया लागतो. वॉशिंग्टनमध्ये हिवाळ्यात माती गोठते म्हणून पाया ३० इंचांच्या खाली न्यावा लागतो. कॅपिटॉलच्या हिरवळीत तेवढं खणलं की झाडांच्या मुळ्या लागतात, आणि ती रचना फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८७४ पासून केलेली आहे. इथली एक जुनी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅपिटॉलभोवती लोखंडी कुंपण खरोखरच होतं, फाटकांवर दगडी चौक्या होत्या. ओल्मस्टेड यांचं काम सुरू झालं त्या सुमारास ते काढलं गेलं. त्यातल्या दोन चौक्या आजही कॉन्स्टिट्यूशन अॅव्हेन्यूवर उभ्या आहेत, आणि शेजारून जाणाऱ्या बहुतेकांना त्या कशाच्या ते ठाऊक नसतं.

गाडी अडवणं हा पूर्णपणे वेगळा विषय आहे आणि चर्चेत तो सतत कुंपणात मिसळला जातो. २ एप्रिल २०२१ ला एका माणसाने गाडी उत्तरेकडच्या नाक्यावर दोन पोलिसांवर घातली. त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला. आतलं कुंपण तेव्हा उभं होतं. त्या गाडीला पुढे जाऊ दिलं नाही ते नाक्यावरच्या रोधकाने. मी ज्या बोलार्डचं, म्हणजे गाडी अडवणाऱ्या खांबांचं, काम करतो त्यांची कसोटी ठरलेली आहे: सुमारे ६,८०० किलोचा ट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने येऊन आदळला तरी त्याच्या माल ठेवायच्या हौद्याची पुढची कड एका मीटरपेक्षा आत जाता कामा नये. दोन खांबांत साधारण चार फूट मोकळी जागा ठेवतो. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, हातात हात घालून चाललेली म्हातारी जोडी, सगळे त्यातून जातात. ट्रक जात नाही.

हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पदपथावर पहिला खड्डा यंत्राने नाही, हाताने खणावा लागतो. नकाशावर जिथे काही नाही तिथे विटांची जुनी नळवाट निघते, त्यात तारांचा जुडगा, आणि ती तार चालू आहे की मेलेली हे विचारायला तीन कार्यालयांना फोन. मग खांब फूटभर सरकतो. तो सरकला की पुढच्या सगळ्या खांबांची अंतरं बदलतात. खोल पाया शक्य नसेल तर फूटभर खोलीची लोखंडी सळ्यांची जाळी टाकून सगळे खांब एकमेकांना बांधायचे, म्हणजे एकावर बसलेला मार सगळ्यांनी मिळून घ्यायचा. या कामाला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. जाळीचं कुंपण एका रात्रीत होतं. म्हणूनच पैसा अडवला नाही तर घाईत नेहमी जाळीच निवडली जाते, आणि एकदा उभी राहिली की ती काढायची सही कुणी करायची हा प्रश्न येतो. काढल्यानंतर काही झालं तर? हा एक प्रश्न प्रत्येक अधिकाऱ्याला थांबवतो. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही कचरेन. म्हणून हा निर्णय निवडून आलेल्यांनी घ्यावा आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी.

तात्पुरतं किती टिकतं, त्याचा दाखला व्हाइट हाउससमोर आहे. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत ट्रकबाँबने उडवली गेली. महिन्याभरात, २० मे रोजी, पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूचा व्हाइट हाउससमोरचा तुकडा गाड्यांसाठी बंद झाला. तिथे काँक्रीटचे ओबडधोबड जर्सी बॅरियर आणि फुलझाडांच्या कुंड्या आल्या. त्या हलल्या २००४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, तेव्हा कुठे तो रस्ता चालणाऱ्यांसाठी नीट बांधला गेला. वॉशिंग्टन स्मारकाभोवती १९९८ च्या आफ्रिकेतल्या दूतावासांवरील स्फोटांनंतर तसेच बॅरियर आले होते. २००५ च्या सुमारास त्यांच्या जागी ग्रॅनाइटच्या बुटक्या, वळणदार भिंती आल्या. तिथे कधी गेलात तर मुद्दाम बघा. लोक त्यांवर बसून सँडविच खातात, मुलं त्यांवरून धावतात, आणि ती भिंत ट्रक अडवते. माझ्या मते या शहरातलं सुरक्षेचं सर्वोत्तम काम तेच.

पैशाच्या दोराने फक्त मोठ्या गोष्टी हलतात असंही नाही. कॅपिटॉलच्या पश्चिमेच्या उतारावर बर्फ पडला की मुलं घसरगाडी घेऊन यायची. ११ सप्टेंबर २००१ नंतर पोलिसांनी ते बंद पाडलं. बरीच वर्षं कुणाचं काही चाललं नाही. २०१५ च्या मार्चमध्ये आईबाप मुलांना घेऊन सरळ घसरायलाच आले. त्यानंतर खर्चाच्या विधेयकासोबतच्या सूचनेत पोलिसांना सांगितलं गेलं की ही बंदी राबवू नका. यामागेही नॉर्टनच होत्या. २०२१ च्या हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हा तोच उतार कुंपणाआड होता. संसदेच्या आवाराचा शेजाऱ्यांच्या रोजच्या जगण्याशी संबंध असतो, ही गोष्ट कुठल्याच जोखीम-अहवालाच्या रकान्यात बसत नाही. ती मांडायला प्रतिनिधीच लागतो.

विरोधी बाजूलाही वजन आहे. निवृत्त लेफ्टनंट जनरल रसेल ऑनरे यांच्या पथकाने मार्च २०२१ च्या अहवालात सुचवलं होतं की झटपट उभारता-काढता येणारं कुंपण जवळ ठेवा आणि पुढेमागे जमिनीत जाणारं, गरजेला वर येणारं कुंपण करा. मला पहिला भाग पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याबद्दल साशंक आहे. जमिनीतून वर येणारी यंत्रणा म्हणजे मोटारी, पाण्याचा निचरा, मीठ टाकलेलं बर्फाचं पाणी आणि कायमची देखभाल. एका फाटकाची अशी यंत्रणा चालती ठेवतानाच नाकी नऊ येतात, मग अख्ख्या आवाराची सोडाच. तात्पुरतं कुंपण मात्र कामाला आलं. सप्टेंबर २०२१ ची निदर्शनं, मार्च २०२२ चं राष्ट्राध्यक्षांचं भाषण, जानेवारी २०२५ ची राष्ट्राध्यक्षपदाची संसदेतली मतमोजणी आणि शपथविधी, दर वेळी जाळी आली आणि गेली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाभोवती आली, ती उन्हाळाभर राहिली.

आपल्याकडचं विचारलंत. महाराष्ट्र विधानसभेला हा मार्ग जवळजवळ बंद आहे. आपल्या राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदानुसार सभागृह अनुदानाची मागणी (सरकारने एखाद्या खर्चासाठी मागितलेली रक्कम) मान्य करू शकतं, नाकारू शकतं किंवा तिची रक्कम कमी करू शकतं. ‘मागणी मान्य, पण त्यातून अमुक बांधू नका’ अशी अट जोडण्याची सोय नाही. पुढच्या २०४ व्या अनुच्छेदात विनियोजन विधेयकाला (मान्य झालेला पैसा तिजोरीतून काढू देणारं विधेयक) रक्कम किंवा तिचा विनियोग बदलणारी दुरुस्ती सुचवायलाच मनाई आहे. उरते कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव. ती मंजूर होणं म्हणजे सरकारवरच अविश्वास, त्यामुळे ती चर्चेसाठी दिली जाते आणि बहुधा मागे घेतली जाते किंवा फेटाळली जाते. आमदाराला अशासकीय विधेयक मांडता येईल, लोकलेखा समितीत झालेल्या खर्चाची झाडाझडती घेता येईल, पण ती काम उभं राहिल्यानंतर. अमेरिकेतल्या सदस्याच्या हातात काम सुरू होण्याआधी जो दोर असतो तो इथे नाही. संसदीय पद्धतीत सरकार सभागृहातूनच येतं, म्हणून ही रचना समजण्यासारखी आहे. पण मुंबईत किंवा नागपुरात विधानभवनाभोवतीचा एखादा बंद पदपथ उघडायचा असेल, तर तारांकित प्रश्न आणि विनंती अर्ज समिती हीच हत्यारं.

शेवटी, असा मसुदा लिहायला मला कुणी सांगितलं तर चार गोष्टी मी नक्की घालेन. कायमचं म्हणजे काय ते पायावर आणि दिवसांवर ठरवावं: जमिनीत खणलेला पाया असेल, किंवा सलग ६० दिवसांपेक्षा जास्त उभं असेल, तर ते कायमचं. मुदत वाढवायची तर दोन्ही सभागृहांच्या समित्यांपुढे लेखी कारण आणि सही करणाऱ्याचं नाव. गाडी अडवणारे खांब आणि बुटक्या भिंती या मनाईतून स्पष्ट वगळलेल्या, नाहीतर वकील तेही अडवतील. आणि त्याच विधेयकात दारं, काचा, मनुष्यबळ आणि सरावासाठी पैसा. नुसती मनाई लिहून दुसऱ्या उपायांना पैसा दिला नाही, तर पुढच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच जाळी ट्रकमधून उतरेल आणि तेव्हा तिला नाही म्हणायला कुणाकडेही कारण नसेल.